सेवा क्लबचे उपक्रम, निधी आणि आरोग्य प्रकल्प: शिबिरानंतरचं काम शिबिराआधी कसं ठरवायचं?

सेतूबंध

रोटरी, लायन्स, किवानिस किंवा अशाच एखाद्या सेवा क्लबमध्ये काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. तीस-चाळीस सदस्यांचा क्लब वर्षभरात एखादं रक्तदान शिबिर, एखादी नेत्रतपासणी, निधीसाठी एक दौड किंवा संगीताचा कार्यक्रम करतो. जमलं तर परदेशी क्लबच्या जोडीने एक मोठा प्रकल्पही हाती घेतो. माणसं मनापासून राबतात, पण क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी तारीख आणि सभागृह ठरतं, मग पैसे जमतात आणि ते कुठे लावायचे याची चर्चा सगळ्यात शेवटी होते.

माझं म्हणणं एवढंच की प्रकल्प कोणता, त्याचा पाठपुरावा किती महिने चालणार आणि तो नेमकं कोण करणार, हे कागदावर आल्याशिवाय पहिलं तिकीटसुद्धा छापू नये. ज्यांना यातलं एकेक अंग नीट माहीत आहे त्यांनी तपशिलात लिहावं. आकडे, पद्धत, कुठे अडतं आणि का अडतं, सगळं येऊ द्या.

पिनहोल

नेत्रतपासणीपासून सुरुवात करतो. सेवा क्लबांचं हे जुनं काम आहे. १९२५ साली ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं. पुढे १९९० मध्ये लायन्सचा अंधत्व टाळण्यासाठीचा साइटफर्स्ट कार्यक्रम सुरू झाला.

तपासणीचा तक्ता ६ मीटरवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. उजेड तक्त्यावर पडला पाहिजे. तक्ता खिडकीला लागून टांगला तर मागच्या प्रकाशाने अक्षरं फिकट दिसतात आणि चांगली नजरही कमी भरते. अंतर टेपने मोजून जमिनीवर चिकटपट्टी मारा, कारण दिवसभरात खुर्ची हळूहळू पुढे सरकते. ६ मीटर जागा नसेल तर ३ मीटरसाठी बनवलेला तक्ता आणा. ६ मीटरचा तक्ता ३ मीटरवर लावून काहीच कळत नाही. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या 'ई'चा तक्ता असतो, त्यात बोटांनी दिशा दाखवायची. एक डोळा झाकायचा तो तळहाताने. बोटांनी झाकला की फटीतून दिसतं, आणि डोळा दाबला गेला तर त्याची पाळी आल्यावर काही क्षण धूसर दिसतं.

ज्याला ६/१२ ची ओळ (चांगल्या नजरेचा माणूस जी १२ मीटरवरून वाचतो ती, ६ मीटरवरून) वाचता येत नाही त्याला पिनहोल द्या, म्हणजे काळ्या पट्टीतलं साधारण सव्वा मिलिमीटरचं छिद्र. त्यातून नजर सुधारली तर बहुधा चष्म्याचं काम आहे. नाही सुधारली तर मोतीबिंदू, पडदा, काचबिंदू असं काहीतरी, म्हणजे डॉक्टरांची रांग. या एका पट्टीमुळे डॉक्टरांसमोरची गर्दी खूप कमी होते, आणि ही चाचणी प्रशिक्षित स्वयंसेवकालाही करता येते.

खरी अडचण पुढे येते. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाशी आधी लेखी ठरवा की ते आठवड्याला किती जागा देणार. ते १५ देणार असतील आणि शिबिरात ९० जण निवडले गेले, तर शेवटच्या माणसाची पाळी सहाव्या आठवड्यात येते. तोवर त्याला फोन कोण करणार, घरून कोण आणणार? शिबिराच्या दिवशीच रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासा. नाहीतर रुग्ण रुग्णालयात पोचतो आणि साखर जास्त म्हणून परत पाठवला जातो. त्यातले बरेचजण पुन्हा येत नाहीत.

शस्त्रक्रिया फक्त कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहातच व्हावी. सभागृहात किंवा शाळेच्या खोलीत तात्पुरती सोय करण्याच्या मोहात अजिबात पडू नये, कारण डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर नजर कायमची जाते. नंतरच्या तपासण्या दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि चार ते सहा आठवड्यांनी. चष्म्याचा नंबर या शेवटच्या भेटीत ठरतो, आणि नेमकी हीच भेट सर्वाधिक चुकते. वहीत दोन रकाने हवेतच: शस्त्रक्रियेपूर्वीची नजर आणि शेवटच्या भेटीतली नजर. दुसरा रकाना रिकामा असेल तर ती शस्त्रक्रिया प्रकल्पाच्या यशात धरू नका.

सेतूबंध

@पिनहोल, नेमकं हेच हवं होतं. एक शंका: तयार वाचनाचे चष्मे शिबिरातच वाटावेत का?

पिनहोल

चाळिशीनंतर फक्त जवळचं दिसत नसेल आणि दोन्ही डोळ्यांची दूरची नजर सारखी, चांगली असेल तर जरूर. अधिक १ ते अधिक ३ पर्यंतचे नंबर पाव किंवा अर्ध्याच्या टप्प्याने ठेवा आणि छापील मजकूर हातात देऊन निवडायला लावा. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेल किंवा तिरका नंबर असेल तर तयार चष्मा चालत नाही. लहान मुलांना तर कधीच देऊ नये.

ओ_निगेटिव्ह

रक्तदान शिबिराबद्दल. क्लब आकड्याच्या मागे लागतात आणि एका दिवसात तीनशे पिशव्या झाल्या की बातमी देतात. पण रक्तपेढीच्या बाजूने पाहा. लाल पेशी २ ते ६ अंशांवर योग्य द्रावणात ४२ दिवसांपर्यंत टिकतात. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवून, साधारण ५ दिवसच. म्हणजे एकाच दिवशी तीनशे जणांनी रक्त दिलं तर प्लेटलेट्सचा मोठा भाग वाया जाऊ शकतो, आणि दीड महिन्याने पुन्हा टंचाई येते. तीच माणसं वर्षभरात सहा छोट्या शिबिरांत विभागली तर तेवढ्याच रक्ताचा उपयोग कितीतरी जास्त होतो. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा: एका दिवसात किती पिशव्यांचं घटक-विभाजन (लाल पेशी, प्लेटलेट्स वगैरे वेगळं करणं) करू शकता, कोणत्या आठवड्यात साठा खाली जातो? लांब सुट्ट्यांच्या नंतरचे दिवस हे बहुतेकदा उत्तर असतं.

मांडणीत खाटांची संख्या हा मुद्दा नसतो. कोंडी होते ती नोंदणी आणि हिमोग्लोबिन तपासणीच्या टेबलावर. दर दोन खाटांमागे तपासणीचं एक टेबल असलं की रांग सरकत राहते. वैद्यकीय प्रश्नावली भरताना खाजगीपणा हवा. शेजारी ओळखीचा माणूस उभा असताना कुणी खरं उत्तर देत नाही. याच कारणासाठी महागड्या भेटवस्तूंचं आमिष ठेवू नये. वस्तूसाठी आलेला माणूस आजार किंवा औषधं लपवण्याची शक्यता वाढते आणि धोका रुग्णाच्या वाट्याला येतो.

भोवळ येते ती बहुधा पहिल्यांदा देणाऱ्या तरुण, सडपातळ, उपाशीपोटी आलेल्यांना. रक्त देण्याआधी अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी प्यायला लावलं की प्रमाण कमी होतं. नंतर किमान १० ते १५ मिनिटं नजरेसमोर बसवा. भोवळ आलीच तर आडवं झोपवून पाय वर. अशा वेळी माणसाला खुर्चीवर बसतं ठेवण्याची धडपड करतात, ती चुकीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पुरुषांनी दोन रक्तदानांत १२ आणि स्त्रियांनी १६ आठवडे अंतर ठेवावं. स्थानिक नियम वेगळा असेल तर तो पाळायचा. त्यानुसार प्रत्येक दात्याला पुढची तारीख त्याच दिवशी लिहून द्या. नियमित दाता असाच तयार होतो.

ताळेबंद

निधीबद्दल सविस्तर लिहितो, कारण चांगले प्रकल्प इथेच अडकतात.

सगळ्यात आधी खाती दोन. सदस्यांच्या वर्गणीतून बैठका, छपाई, पदग्रहण यांचा खर्च भागतो, ते प्रशासकीय खातं. लोकांकडून सेवेसाठी आलेला पैसा दुसऱ्या खात्यात, आणि तो लोकांच्याच कामी. लायन्सच्या नियमात हे स्पष्ट आहे, आणि ज्यांच्या नियमात नसेल त्यांनीही पाळावं. एका खात्यातून दुसऱ्यात 'तात्पुरते' पैसे वळवणं बंदच करा.

दौड किंवा कार्यक्रमाचं अंदाजपत्रक करताना खर्च दोन प्रकारचे धरा. कितीही लोक आले तरी लागणारा: परवानगी, मंच, ध्वनी, विमा, रुग्णवाहिका. आणि माणशी लागणारा: टी-शर्ट, पाणी, पदक. समजा ठरावीक खर्च ६०,००० आहे, प्रवेशशुल्क ५०० आणि माणशी खर्च २००. माणशी ३०० उरतात, म्हणजे पहिले २०० जण फक्त खर्च भागवतात. प्रकल्पासाठी पहिला पैसा २०१ व्या माणसापासून मिळतो. हेच ठरावीक ६०,००० प्रायोजकांनी आधी उचलले तर पहिल्या माणसापासूनचे ३०० थेट प्रकल्पाला जातात. म्हणून नोंदणी सुरू करण्याआधी प्रायोजक लेखी पक्के करा. तोंडी आश्वासन अंदाजपत्रकात धरायचं नाही.

टी-शर्टवर फार पैसा जातो. मापं नोंदणीच्या अर्जातच विचारा आणि छपाईचा आकडा नोंदणी बंद झाल्यावरच द्या. आयोजनाच्या उत्साहात आधीच हजार छापले जातात आणि मग क्लबच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात.

रोख रक्कम मोजताना नेहमी दोघं, आणि ते दोघं एकाच घरातले नकोत. नोटांच्या प्रकारानुसार तक्ता, दोघांच्या सह्या, पिशवी सीलबंद आणि कामकाजाच्या पुढच्या दिवशी बँकेत. गोळा झालेल्या रोकडीतून तिथल्या तिथे मंडपवाल्याला पैसे देऊ नका. जमा पूर्ण दाखवायची, खर्च वेगळा दाखवायचा. नाहीतर महिनाभराने खजिनदाराला काहीही जुळवता येत नाही.

लिलाव ठेवणार असाल तर कागदी बोलीच्या तक्त्यावर सुरुवातीची बोली आणि किमान वाढ छापून ठेवा. वेळ संपल्यावर तक्ते एकाच माणसाने उचलायचे. सोडत किंवा लकी ड्रॉ करण्याआधी स्थानिक कायदा पाहा. बऱ्याच देशांत त्याला परवाना लागतो आणि काही ठिकाणी बंदीच आहे.

पावतीवर देणगीदाराला मिळालेल्या वस्तूचं मूल्य वेगळं दाखवावं. जेवणासह तिकीट घेतलं तर सगळी रक्कम देणगी होत नाही. कर-सवलतीचे नियम देशागणिक बदलतात, पण हे तत्त्व जवळपास सगळीकडे सारखं आहे.

मृगजळ

@ताळेबंद, खर्च वजा जाता निम्मा निधी उरला तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणायचा का?

ताळेबंद

पैशापुरतं बोलायचं तर नाही. निम्मा पैसा कार्यक्रमावरच जात असेल तर देणगीदारांना थेट पत्र पाठवून मागणं जास्त फायद्याचं. नवे लोक जोडणं हाच हेतू असेल तर चालेल, पण तो हेतू आधी सांगितलेला असावा. आणि स्वयंसेवकांचे तास मोजा. दोनशे तास राबून जेवढी रक्कम उरते तेवढी चार प्रायोजकांच्या भेटींत मिळाली असती का, हा प्रश्न दरवर्षी विचारण्यासारखा आहे.

जोडदुवा

रोटरीच्या जागतिक अनुदानाबद्दल, म्हणजे ग्लोबल ग्रँटबद्दल. प्रकल्प जिथे होणार तिथला क्लब आणि दुसऱ्या देशातला क्लब अशी जोडी लागते. किमान अंदाजपत्रक ३०,००० डॉलर. क्लबच्या रोख रकमेला रोटरी फाउंडेशनच्या जागतिक निधीची जोड मिळत नाही, ती मिळते डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या क्लबांच्या गटाच्या) वाट्याच्या निधीला, ८० टक्के. म्हणजे क्लबांनी १०,००० रोख दिले, डिस्ट्रिक्टांनी २०,००० दिले, तर जागतिक निधीतून १६,००० येतात आणि एकूण ४६,००० होतात. डिस्ट्रिक्टचा निधी रोटरी वर्षाच्या सुरुवातीलाच, म्हणजे जुलैत, मागून ठेवावा लागतो. मार्चमध्ये विचारणाऱ्याला बहुधा तो वाटून झाल्याचं कळतं.

अर्ज का परत येतो? पहिलं कारण गरजेची पाहणी. 'गावात रुग्णालय लांब आहे' हे क्लबचं मत झालं. पाहणी म्हणजे तिथल्या बायका, पुरुष, परिचारिका, शिक्षक यांच्याशी वेगवेगळ्या बैठका, त्यांनी स्वतः लावलेला गरजांचा क्रम, आणि आरोग्य केंद्राच्या नोंदी. दुसरं कारण शाश्वतता. अनुदान संपल्यावर साहित्य, दुरुस्ती आणि माणसाचा पगार कोण देणार, याचं नाव-गाव अर्जात हवं. तिसरं, मंजुरीआधी केलेला खर्च. तो अनुदानातून मिळत नाही, त्यामुळे यंत्र घाईने आधी घेऊ नका.

मंजुरीनंतर स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या, प्रत्येक खरेदीची कोटेशनं. दर १२ महिन्यांनी प्रगती अहवाल आणि प्रकल्प संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल. क्लबचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात, प्रकल्प मात्र दोन-तीन वर्षं चालतो. म्हणून प्रकल्प समितीची माणसं कायम ठेवा, अध्यक्ष बदलला तरी.

झिओलाइट

यंत्रं देण्याबद्दल माझा आग्रह थोडा वेगळा आहे: शक्य असेल तिथे यंत्राऐवजी दुरुस्ती द्या. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत बंद पडलेली यंत्रं आधीच असतात. त्यांची यादी करायची, जैववैद्यकीय तंत्रज्ञाला दोन दिवस न्यायचं. फ्यूज, वायर, फिल्टर, बॅटरी एवढ्यावर बरीचशी चालू होतात.

नवं द्यायचंच असेल तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राचं, उदाहरण घ्या. मिनिटाला ५ लिटर देणाऱ्या यंत्रातून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन मिळायला हवा. आत झिओलाइटचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. ओलाव्याने ते निकामी होतात, आणि यंत्र बराच काळ न वापरता पडून राहिलं तरी तेच होतं. बाहेरचा जाळीदार फिल्टर आठवड्याला धुवायचा, धूळ असेल तर त्याहून लवकर. हे कुणी केलं नाही तर कॉम्प्रेसर तापतो. यंत्र हवा सोडतच राहतं, पण ऑक्सिजनचं प्रमाण खाली आलेलं असतं आणि परिचारिकेला ते दिसत नाही. म्हणून यंत्राबरोबर ऑक्सिजन मोजणारा मीटर, दोन जास्तीचे फिल्टर, व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि नळ्यांचा वर्षभराचा साठा अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे. ११० व्होल्टचं यंत्र २३० व्होल्टच्या देशात पाठवण्याचे प्रकार आजही होतात.

मृगजळ

पाण्याच्या प्रकल्पांनाही हे तंतोतंत लागू. इंडिया मार्क २ हातपंप जगभर बसवले गेले, मजबूत आहेत. पण सिलिंडरमधला वॉशर झिजला की अख्खा पाइप वर काढावा लागतो. त्याला तिकाटणं, पाने आणि चार-पाच जाणकार माणसं लागतात. मार्क ३ मध्ये वरचा पाइप जास्त रुंद असतो, त्यामुळे पाइप न काढता पिस्टन त्यातूनच वर ओढता येतो आणि वॉशर गावातली माणसं बदलू शकतात. बसवताना खर्च जास्त, पण पंप बंद राहण्याचे दिवस कमी. निवड करताना हे पाहावं.

विहीर पाडल्यावर पाणी प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय पंप खुला करू नये. आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आणि फ्लोराइडची १.५ मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची. दोन्हींना चव नाही, रंग नाही. क्लोरिनने जंतू मरतात, हे दोन्ही तसेच राहतात.

साशंक

पोलिओबद्दल विचारतो. जगात आता मोजकेच रुग्ण आहेत. तरीही क्लबांनी दरवर्षी त्यासाठीच निधी का द्यावा? तोच पैसा गोवर किंवा कुपोषणाला का नको?

दोन_थेंब

@साशंक, प्रश्न रास्त आहे. रोटरीचं काम १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या लसीकरणाने सुरू झालं, १९८५ मध्ये पोलिओप्लस हा रोटरीचा पोलिओविरोधी कार्यक्रम आला. १९८८ साली जागतिक मोहीम उभी राहिली तेव्हा १२५ हून अधिक देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आज नैसर्गिक विषाणूचा प्रसार अखंड चालू आहे तो फक्त अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात. या विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा २०१५ मध्ये आणि तिसरा २०१९ मध्ये जगातून संपल्याचं प्रमाणित झालं. उरला पहिला.

रुग्ण कमी झाले म्हणून खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण मोठा खर्च शोधाचा आहे. लागण झालेल्या बहुतेक मुलांमध्ये काहीच लक्षण दिसत नाही. लुळेपणा साधारण दोनशेत एकाला येतो. म्हणून १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कारण काहीही वाटो, शौचाचे दोन नमुने २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यायचे आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचे. यंत्रणा जागी आहे का, हे तपासण्याचीही सोय आहे: १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी 'पोलिओ नसलेला' लुळेपणा नोंदला गेला पाहिजे. तेवढेही सापडत नसतील तर कुणी शोधतच नाही असा अर्थ. याशिवाय सांडपाण्याचे नमुने असतात, तिथे रुग्ण दिसण्याआधीच विषाणू सापडतो.

जिथे लसीकरण कमी राहतं तिथे तोंडी लसीतल्याच विषाणूचं रूप बदलून तो पसरू शकतो, ही दुसरी बाजू लपवायचं कारण नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकाराविरुद्ध जास्त स्थिर अशी नवी तोंडी लस वापरात आली आहे. पण मूळ उपाय एकही मूल न सुटणं हाच आहे.

गोवराबद्दल: पोलिओसाठी उभ्या राहिलेल्या शीतपेट्या, घराघरांचे नकाशे, प्रयोगशाळा आणि नमुन्यांची वाहतूक बऱ्याच देशांत गोवराच्या शोधासाठीही वापरली जाते. आणि २०१७ मध्ये गेट्स फाउंडेशनशी ठरल्याप्रमाणे रोटरीच्या वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंतच्या निधीला त्याच्या दुप्पट जोड मिळू लागली. एका डॉलरचे तीन होतात.

साशंक

शोधाचा खर्च हा मुद्दा पटला. लसीकरणाच्या दिवशी साध्या स्वयंसेवकाने नेमकं काय पाहायचं?

दोन_थेंब

कुपीवरचं चिन्ह. प्रत्येक कुपीवर एक वर्तुळ असतं, त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. चौकोनाचा रंग वर्तुळाएवढा किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाजूला. तारीख उलटली नसली तरीही, कारण उष्णतेचा परिणाम त्या चौकोनात साठत जातो आणि पुन्हा थंड केल्याने मागे जात नाही. पेटीचं झाकण दर मुलामागे उघडू नका, एक कुपी बाहेर काढून सावलीत ठेवा आणि उन्हात हातात धरून फिरू नका.

थेंब दिल्यावर बोटावर खूण, मग नोंद, हाच क्रम. बंद असलेलं घर, झोपलेलं मूल, पाहुणं आलेलं मूल आणि नकार देणारं घर या चार नोंदी वेगवेगळ्या करा. संध्याकाळी फक्त पाजलेल्या मुलांची बेरीज करून चालत नाही. सुटलेल्या घरांची यादी त्याच दिवशी दुसऱ्या पथकाच्या हातात पडायला हवी. नकाराच्या घरी त्याच माणसाने पुन्हा जाऊन उपयोग होत नाही. तिथे ज्याचा शब्द मानला जातो अशी व्यक्ती सोबत न्यावी.

सेतूबंध

@जोडदुवा, शेवटचा प्रश्न. परदेशी भागीदार क्लबला प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर काम झाल्याची खात्री कशी करायची?

जोडदुवा

यंत्राचा छायाचित्रात वाचता येणारा अनुक्रमांक, तोच अनुक्रमांक बिलावर आणि आरोग्य केंद्राच्या साठा-नोंदवहीत, असे तीन कागद जुळले पाहिजेत. उद्घाटनाचे फोटो याची जागा घेऊ शकत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच यंत्राचा, चालू स्थितीतला, तारखेसह फोटो आणि वापराच्या वहीचं पान मागवा. कॉन्सन्ट्रेटरवर तासांचा मीटर असतो, तो आकडाही दिसू द्या. पंप असेल तर शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि वॉशर कुठून आणला, हे पाणी समितीला थेट फोन करून विचारा. ही सहा महिन्यांची तारीख करारातच लिहून ठेवा म्हणजे मागताना अवघडल्यासारखं होत नाही.